हात एक, टक्के चार

प्रश्न : माझा धाकटा भाऊ भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये रात्रपाळीला पॉवर प्रेसने डबल स्ट्रोक मारला आणि त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीची आणि मधल्या बोटाची दोन-दोन पेरं गेली. ईएसआयच्या मेडिकल बोर्डाने १६ टक्के लिहून दिले. ते पत्र गेल्या महिन्यात आले. कंपनीने काढलेल्या ग्रुप अपघात विम्याच्या पत्रात १२ टक्के लिहिले आहेत, पण ‘उशिरा कळवले’ म्हणून दावा नामंजूर केला आहे. बँकेतून २० रुपये कापतात तो विमा म्हणतो, यात काहीच बसत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेलो तर चाळीसच्या बरेच आत भरले. हात तर एकच आहे, मग टक्के चार कसे? आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या दारात परत जाण्यात काही अर्थ आहे, की नुसतेच हेलपाटे?
— एक वाचक, मोशी

उत्तर : या चार आकड्यांनी तुम्हाला गोंधळात टाकले असेल, पण मला त्यांत तुमच्या भावाच्या उपयोगाचे बरेच काही दिसते. चारही पत्रे शेजारी-शेजारी ठेवा आणि आधी फक्त बेरीज करून पाहू.

कामगार राज्य विमा कायद्याच्या, म्हणजे आपल्या ईएसआयच्या, दुसऱ्या परिशिष्टात एक तक्ता आहे. कोणता अवयव कुठपर्यंत गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के घटली असे धरायचे, ते त्यात छापलेले आहे. तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेले तर ९. हाड शाबूत राहून नुसते टोक गेले तर ५. मधल्या बोटासाठी हेच आकडे १२, ९, ७ आणि ४ असे आहेत. आता तुमच्या भावाचे १६ कसे आले ते पाहा. ९ आणि ७ मिळून १६ होतात. म्हणजे बोर्डाने दोन्ही बोटांचे एकेकच पेर गेले असे धरलेले दिसते. तुम्ही लिहिता त्याप्रमाणे दोन-दोन पेरं गेली असतील तर ११ आणि ९, असे २० व्हायला हवेत.

आता विमा कंपनीचे पत्र घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच अपघात पॉलिसींच्या तक्त्यात तर्जनीच्या दोन पेरांना ८ टक्के आणि मधल्या बोटाच्या दोन पेरांना ४ टक्के असतात. एकेक पेर असेल तर ४ आणि २. कंपनीने लिहिलेले १२ हे ८ आणि ४ मिळून झालेले दिसतात. एकेक पेर धरले असते तर ६ झाले असते. दावा नाकारता नाकारता त्यांच्या डॉक्टरने दोन-दोन पेरं गेल्याची साक्ष लेखी देऊन ठेवली आहे! तुमच्या पॉलिसीचा तक्ता मात्र एकदा स्वतः बघून घ्या, कारण हे आकडे करारातले असतात आणि पॉलिसीगणिक थोडेफार बदलतात.

असे होते कसे? यात कुणाचा डाव असेलच असे नाही. पहिल्या रात्री जखम बंद करताना सर्जन जमेल तेवढे बोट वाचवतो. पुढे जखम चिघळते किंवा हाडावर कातडी पुरत नाही, मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत बोट आणखी आखूड करावे लागते. बोर्डापुढच्या फाइलमध्ये पहिलेच डिस्चार्ज कार्ड असेल तर एकच पेर मोजले जाऊ शकते. तुमच्या भावाच्या बाबतीत असे झाले का, हे सगळ्या शस्त्रक्रियांच्या नोंदी आणि शेवटचा एक्स-रे बघितला की कळेल. उपचार मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयात झाले असतील तर तिथून आणि मध्ये खासगी रुग्णालयात हलवले असेल तर तिथूनही केसपेपरची पूर्ण नक्कल मागा. डिस्चार्ज कार्डच्या झेरॉक्सवर भागवू नका. शस्त्रक्रियेची नोंद वेगळी असते आणि बोट नेमके कुठे कापले ते तिथेच लिहिलेले असते.

चार टक्क्यांनी असा काय फरक पडतो, असे वाटेल. सोपा हिशोब करू. सरासरी रोज ६०० रुपये धरला तर ईएसआयचा पूर्ण दर त्याच्या ९० टक्के, म्हणजे ५४० रुपये. त्याचे १६ टक्के म्हणजे दिवसाला ८६ रुपये ४० पैसे आणि २० टक्के म्हणजे १०८ रुपये. महिन्याला साधारण साडेसहाशेचा फरक पडतो आणि हा लाभ हयातभर चालतो. तुमचा भाऊ त्याच कंपनीत दुसऱ्या कामावर लागला, अगदी पगार होता तेवढाच राहिला, तरी हा लाभ बंद होत नाही. ‘आता कामावर घेतलंय ना, मग ते पैसे कशाला?’ असे सुपरवायझर म्हणाला तर त्याला हसून सोडून द्या.

आता अपिलाचे. बोर्डाच्या टक्केवारीवर हरकत असेल तर दोन वाटा आहेत. एक मेडिकल अपील ट्रिब्युनलची. तिथेही समाधान झाले नाही तर पुढे कामगार विमा न्यायालय. दुसरी वाट थेट न्यायालयाची. निवड विमाधारकाची. मुदत निकाल कळल्यापासून तीन महिने. पुरेसे कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. तुमचा एक महिना तर गेलाच आहे. पत्र ज्या पाकिटातून आले ते पाकीट टपालाच्या शिक्क्यासकट जपून ठेवा. अर्जात हाताची कहाणी लांबवू नका. बोर्डाने प्रत्येक बोटाचे एक पेर धरले आहे, शस्त्रक्रियेच्या नोंदीत व एक्स-रेत दोन दिसतात, परिशिष्टाप्रमाणे २० होतात, एवढे तीन ओळींत लिहा आणि कागद जोडा. उरलेले बोट सांध्यात आखडले असेल, वाकतच नसेल, तर तेही लिहा. एखादा अवयव कायमचा निकामी झाला तर तो गेल्यासारखाच धरावा, अशी टीप त्याच परिशिष्टात आहे. प्रेस शॉपमधल्या जखमांत ही टीप फार उपयोगाची असते आणि तिच्याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते.

एक सावधगिरी. बोर्डाच्या निकालावर ईएसआय महामंडळही अपील करू शकते, तेव्हा फुगवून काही मागू नका. आणि पत्रात ‘तात्पुरते’ लिहिले आहे की ‘अंतिम’, ते नीट वाचा. मूल्यमापन तात्पुरते असेल तर मुदत संपल्यावर बोर्ड पुन्हा बोलावणार असते. अंतिम निकालानंतरही हात अनपेक्षितपणे बराच बिघडला तर फेरविचाराची सोय कायद्यात आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, आता जुना कायदा गेला, असे कुणीतरी तुम्हाला सांगेल. तुमच्या भावाचा अपघात त्याच्या आधीचा आहे. शिवाय मेडिकल बोर्ड, अपील ट्रिब्युनल आणि विमा न्यायालय ही तिन्ही ठिकाणे संहितेतही आहेतच. ‘नवीन कायद्यात अपील नाही’ असे खिडकीवर ऐकायला मिळाले तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितले की उत्तर बदलते.

विमा कंपनीच्या नकाराकडे वळू. तिथे टक्क्यांचा वाद नाही, वाद उशिराचा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकातच कंपन्यांना बजावले होते, की नुसता कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका चोरीला गेलेल्या ट्रकच्या दाव्यात हेच तत्त्व उचलून धरले. कारण पटण्यासारखे असेल तर उशीर हा दावा मारण्याचा बहाणा होऊ शकत नाही. तुमच्या भावाकडे कारण आहे. तो रुग्णालयात होता, पॉलिसी कंपनीच्या नावावर होती, आणि आपला विमा काढलेला आहे हे प्रेसवरच्या माणसाला कितीदा सांगितले जाते? एचआरकडून विम्याचे प्रमाणपत्र आणि पॉलिसीच्या अटींची प्रत मागून घ्या. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. नकाराच्या पत्रात जे कारण लिहिले तेवढ्यावरच विमा कंपनीला लढता येते, पुढे जाऊन नवीन कारण काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या आणि २०१९ च्या निकालांत सांगितले आहे. म्हणून फोनवर ‘नाही बसत हो’ म्हणाले तर तो नकार धरू नका. सही-शिक्क्याचे पत्र घ्या.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचे. पुण्याचे लोकपाल कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरच्या जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील चालत नाही, आपले आपण बोलायचे. ग्रुप विम्याच्या तक्रारीही तिथे घेतात. लोकपालाचा निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोग मोकळा आहे. उलटा क्रम मात्र चालत नाही. तीच तक्रार आधी ग्राहक आयोगात घातली तर लोकपालाचे दार बंद. पाच लाखांच्या विम्यावर १२ टक्के म्हणजे ६० हजार रुपये. एवढ्यासाठी नारायण पेठेत दोन चकरा माराव्यात असे माझे मत आहे. ईएसआय घेतले म्हणून हे पैसे सोडावे लागत नाहीत, कारण हा स्वतंत्र करार आहे. नुकसानभरपाई कायद्याखालचा मालकावरचा दावा मात्र ईएसआय असलेल्याला करता येत नाही, तो रस्ता कायद्यानेच बंद आहे.

बँकेतल्या विम्याबद्दल तुम्हाला निराश करावे लागेल. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर एक लाख, दोन गेले तर दोन लाख. बोटांना तिथे जागाच नाही. तो नकार बरोबर आहे, त्यावर वेळ घालवू नका. दिव्यांग प्रमाणपत्राचेही तसेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात आणि दोन बोटांच्या अर्धवट नुकसानीत तेवढे भरत नाहीत. वायसीएम झाले, औंध झाले, आता तिसरे रुग्णालय पाहू, असे करत फिरू नका.

आणि तुमचा मूळ प्रश्न : हात एकच, मग टक्के चार का? धान्य तेच असते, पण कुणी पायलीने मोजतो, कुणी किलोने. चार संस्था चार वेगळ्या गोष्टी मोजतात. दिव्यांग प्रमाणपत्र शरीराची हानी मोजते. ईएसआय कमावण्याची ताकद मोजते. खासगी विमा फक्त करार वाचतो. बँकेचा विमा मोठ्या हानीसाठीच आहे. शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या मोटार अपघाताच्या निकालात फार सोपे करून सांगितले. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर कदाचित नोकरी टिकते. त्याच्याही कितीतरी आधी, १९७५ च्या डिसेंबरमध्ये, एका सुताराचा खटला त्या न्यायालयात आला होता. सिनेमागृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि डावा हात कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा नुकसान १०० टक्के, हा नुकसानभरपाई आयुक्तांचा निर्णय न्यायालयाने कायम ठेवला.

ईएसआयच्या छापील तक्त्याला एवढी लवचिकता नाही आणि मला हे त्या योजनेचे उणेपण वाटते. १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या विम्याचा आराखडा सरकारला दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत कुणाचा दोष हे न विचारता पैसे मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण प्रेसवर बसणाऱ्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि गेटवर नोंदी करणाऱ्याची तर्जनी तक्त्याच्या लेखी सारखीच. म्हणूनच तक्त्यात जेवढे आहे तेवढे तरी पुरते पदरात पडावे, यासाठी पेरं नीट मोजून घ्यायची.

प्रश्न : मी चाकणला ठेकेदारामार्फत लागलो. कामाच्या नवव्या दिवशी अंगठा दबला. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी माझे ईएसआयचे नाव चढवले. आता म्हणतात, नोंदणी अपघातानंतरची आहे, काही मिळणार नाही. खरे का?
— एक कामगार, म्हाळुंगे

उत्तर : खरे नाही. ईएसआयचे संरक्षण नोकरीला लागल्या दिवसापासून असते, नोंदणीच्या दिवसापासून नाही. ‘भरगत इंजिनिअरिंग विरुद्ध आर. रंगनायकी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. तिथे तर कामगार मरण पावल्यानंतर मालकाने कागद रंगवले होते. अपघाताच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अटही नसते. ती आजारपणाच्या पैशांना असते.

तुमची अडचण कायद्याची नाही, पुराव्याची आहे. पहिल्या आठ दिवसांत तुम्ही तिथे होता हे कशाने दाखवणार? गेटपास, कंपनीच्या बसची नोंद, पाळी लावल्याचा व्हॉट्सअॅप मेसेज, कँटीनचे कूपन, बरोबर काम करणाऱ्या दोघांचे जबाब, हे सगळे चालते. ठेकेदाराने हात वर केले तरी मूळ कारखान्याची जबाबदारी कायद्याने ठरलेली आहे, तेव्हा अर्जात दोघांचीही नावे लिहा.

सेफ इन इंडिया ही संस्था वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. हरियाणात त्यांना पुन्हापुन्हा एकच गोष्ट आढळली : ईएसआयचे कार्ड कामगाराच्या हाती पडते ते अपघात झाल्यानंतर. चाकण-म्हाळुंगे-खराबवाडीत वेगळे चित्र आहे असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

याहून घातक गोष्ट अपघातानंतरच्या पहिल्या तासात घडते. जवळच्या खासगी रुग्णालयात नेताना सुपरवायझर सांगतो, ‘घरी दरवाज्यात सापडला म्हण, बिल आम्ही भरतो.’ केसपेपरवर तेच लिहिले जाते. मग सहा महिन्यांनी बोर्ड, ट्रिब्युनल, न्यायालय सगळ्यांसमोर तो कागद आडवा येतो. मालकाने अपघाताचा अहवाल नमुना १२ मध्ये ईएसआयला द्यायचा असतो. तो दिला नसेल तर शाखा कार्यालयात तुम्ही स्वतः लेखी कळवा आणि प्रतीवर पोच घ्या. कारखाना निरीक्षकांच्या, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या, कार्यालयातही एक प्रत द्या. ‘हा कामावरचा अपघातच नाही’ असे शाखेने म्हटले, तर तो वाद मेडिकल बोर्डाकडे न्यायचा नसतो. बोर्ड फक्त हात पाहते. तो वाद थेट कामगार विमा न्यायालयाचा. बरेच जण इथे चुकीच्या दाराशी वर्ष घालवतात. बाकी, अंगठा मुळापासून गेला असेल तर ३० टक्के आणि वरचे पेर गेले असेल तर २०. हे आकडे लक्षात ठेवून बोर्डाला बसा.

प्रश्न : तळेगाव-चाकण रस्त्यावर कामाला जाताना दुचाकीला ट्रेलरने धडक दिली, खांदा मोडला. ‘गेटच्या आत झाले असते तर पाहिले असते’ असे शाखेत म्हणाले.
— एक वाचक, इंदोरी

उत्तर : ते १९९६ सालातले बोलत आहेत. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फ्रान्सिस डी’कोस्टा यांच्या प्रकरणात असेच म्हटले होते. हा कामगार सायकलवरून निघाला होता, पाळी साडेचारची, अपघात सव्वाचारला, कारखाना एक किलोमीटरवर, आणि तरी लाभ नाकारला गेला. २०१० मध्ये संसदेने कायद्यात ५१-ई हे कलम घातले. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातला अपघात, वेळ-ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरायचा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही पुढे जाऊन धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाला न्याय दिला. पहाटे तीनच्या पाळीला निघालेला हा माणूस २००३ साली कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला होता. त्याला ईएसआय नव्हते, दावा नुकसानभरपाई कायद्याखालचा होता. तरी तेच तत्त्व तिथे लावले आणि ५१-ई मागच्या काळालाही लागू होते असे सांगितले. पोलीस पंचनाम्यातली वेळ आणि त्या दिवशीच्या पाळीचा कागद जोडा. वाटेत दुसरीकडे वळला नव्हता, हे दाखवले की पुरे.

प्रश्न : मी कार वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर ड्रायव्हर होतो. पगार २६ हजार, म्हणून ईएसआय नाही. वय ४०. २०२५ च्या मार्चमध्ये यार्डात ट्रेलर सरकला आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आयुर्विम्याच्या रायडरचा दावा ‘तुम्ही बसून दुसरे काम करू शकता’ म्हणून नाकारला. अपील करू का?
— एक वाचक, कुरुळी

उत्तर : रायडरचे कलम आधी वाचा. ‘कोणतेही काम, धंदा वा नोकरी करून कमावता येणार नाही’ अशी भाषा असेल, किंवा दोन अवयव गेले पाहिजेत अशी यादी असेल, तर एका पायावर तो दावा उभा करणे अवघड आहे. ‘आपले नेहमीचे काम’ असे शब्द असतील तर जरूर लोकपालाकडे जा. माझा सल्ला विचाराल, तर सगळी शक्ती या रायडरवर घालू नका. तुमचा खरा दावा दुसरीकडे आहे.

ईएसआय नसल्यामुळे तुमच्या मालकावर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होतो. हिशोब असा. पगार कितीही जास्त असो, १५ हजारच धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. वय ४० चा गुणक १८४.१७. गुणाकार १६ लाख ५७ हजार ५३०. कमाईची हानी जितके टक्के ठरेल तितका यातला वाटा. मालकाची विमा कंपनी तक्त्यावर बोट ठेवून म्हणेल, गुडघ्याखाली पाय म्हणजे इतकेच टक्के. इथे तो जुना सुतार तुमच्या कामाला येतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाय गेलेल्या एका ड्रायव्हरची कमाईची हानीही १०० टक्के धरली, कारण त्या पायाने जड वाहन चालत नाही. तुमचा जड वाहनाचा परवाना, आणि आता तो चालवण्यास अपात्र असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, हे दोन कागद या दाव्याचा कणा आहेत. पैसे अपघाताच्या दिवसापासून देय होतात, थकले तर १२ टक्के व्याज, आणि दावा दोन वर्षांच्या आत. ट्रेलर हे मोटार वाहन असल्यामुळे मोटार अपघात न्यायाधिकरणाचीही वाट तुम्हाला आहे, पण दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. तिथे १५ हजारांची मर्यादा नाही, मात्र चूक कुणाची हा प्रश्न निघतो. ट्रेलर का सरकला आणि त्या वेळी केबिनमध्ये कोण होते, ते वकिलाला नीट सांगा. निवड त्यावर ठरेल.

पीएफ कापला जात होता ना? मग आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला कुणी सांगितलेली नसेल. १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमच्या पूर्ण अपंगत्वाचे पेन्शन आहे. त्याला दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही, एक महिन्याची वर्गणी पुरते. अपघात कामावरच झाला पाहिजे असेही नाही. पेन्शनची रक्कम मोठी नसते, किमान हजार रुपये. योजनेच्या व्याख्येत पाहतात ते असे, की अपघाताच्या वेळी जी कामे तुम्ही करू शकत होता ती आता करता येतात का. तिथेही मेडिकल बोर्ड बसते आणि तिथेही ‘दुसरे काम करू शकाल’ असे ऐकावे लागेल. आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात १०-डी फॉर्म भरताना परवान्याची आणि त्या डॉक्टरी प्रमाणपत्राची प्रत आधीच जोडून द्या.